प्रवेशाचे दार : न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि त्याचे विद्यार्थी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हयातीत आपल्या शाळेतून कोणी परदेशी शिकावयास निघाला की ती गोष्ट महिनाभर वाड्यावाड्यांतून बोलली जाई. आज तसे राहिलेले नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची मुले दरवर्षी अमेरिकेतील विद्यापीठांना अर्ज करतात, काहींना प्रवेश मिळतो, अनेकांना मिळत नाही. काही महिन्यांपूर्वी असेच एक माजी विद्यार्थी आपल्या कन्येसह माझ्याकडे आले. मुलीला बारावीला शेकडा छप्पन्नच्या नव्हे, शहाण्णवच्या वर गुण. तिकडच्या परीक्षेतही उत्तम यश. तरीही एका विद्यापीठाचा नकार आला होता, आणि त्या नकारपत्रात कारण म्हणून एक अक्षर नव्हते. वडिलांचा प्रश्न साधा होता : "गुण पुरेसे नव्हते म्हणावे तर ते होते. मग त्यांनी पाहिले तरी काय?"

या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर एका विद्यापीठाचा इतिहास थोडा उलगडावा लागतो. मी त्यासाठी न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ निवडले आहे. ते खाजगी आहे, महानगराच्या अगदी मध्यात आहे, आणि त्याचे मूळ पदवी महाविद्यालय आपल्याकडील एखाद्या मोठ्या महाविद्यालयाएवढेच, म्हणजे काही हजार विद्यार्थ्यांचे आहे. शिवाय बडोद्याच्या श्रोत्यांना कोलंबियाविषयी सांगताना आणखी कारण देण्याची गरज नसावी. या शहरातून निघालेल्या एका शिष्यवृत्तीने त्या विद्यापीठाच्या वसतिगृहात १९१३ साली एक बावीस वर्षांचा तरुण पोचवला होता. त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे.

प्रथम विद्यापीठाची ओळख. १७५४ साली इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच्या सनदेने 'किंग्ज कॉलेज' स्थापन झाले. ट्रिनिटी चर्चशेजारच्या शाळाघरात पहिल्या वर्षी आठ विद्यार्थी होते. स्वातंत्र्ययुद्धात ते बंद पडले, आणि १७८४ मध्ये पुन्हा उघडले तेव्हा राजाचे नाव गळून 'कोलंबिया' हे नाव आले. विद्यापीठ ही संज्ञा १८९६ मधली, आणि ११६ व्या रस्त्यावरील मॉर्निंगसाइड हाइट्स या टेकाडावरील आजची जागा १८९७ पासूनची. त्याआधी जागा दोनदा बदलली. शहर उत्तरेकडे सरकत गेले आणि विद्यापीठ त्याच्या पुढे पुढे सरकले.

खाजगी विद्यापीठ कशावर चालते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही; शुल्कावर, असे आपण गृहीत धरतो. कोलंबियाच्या बाबतीत याचे एक उत्तर मोठे मनोरंजक आहे. १८१४ साली न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने महाविद्यालयाला रोख मदतीऐवजी शहराबाहेरचे एक मोडकळीस आलेले वनस्पति-उद्यान देऊन बोळवण केली. विश्वस्तांना ती जागा डोईजड वाटली होती. पुढे शहर तेथवर पोचले, आणि त्याच जमिनीवर विसाव्या शतकात रॉकफेलर सेंटर उभे राहिले. कोलंबिया त्या भुईचे भाडे घेत राहिली, आणि १९८५ मध्ये ती जमीन तिने ४० कोटी डॉलरना विकली. महानगरी विद्यापीठाला महानगर असे पोसते. ते त्याला अडचणीतही टाकते, आणि प्रवेशाचा प्रश्न नेमका त्या अडचणीतून जन्माला आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अमेरिकन महाविद्यालयांत प्रवेश ही किरकोळ बाब होती. प्रत्येक महाविद्यालय आपापली परीक्षा घेई, लॅटिन-ग्रीकचा अमुक भाग झाला असला की मुलगा आत येई, आणि थोडे कमी पडले तर सशर्त घेतला जाई. जागांना तोटा नव्हता. प्रत्येक शाळेला मात्र दहा महाविद्यालयांच्या दहा अभ्यासक्रमांची तयारी करून घ्यावी लागे. हा गोंधळ मिटविण्यासाठी १९०० साली सामायिक प्रवेश-परीक्षा मंडळ स्थापन झाले. त्यामागे प्रामुख्याने कोलंबियाचे निकोलस मरे बटलर होते. पुढे १९०२ ते १९४५ अशी त्रेचाळीस वर्षे ते विद्यापीठाचे अध्यक्ष राहिले. जून १९०१ मध्ये पहिली परीक्षा झाली तेव्हा ९७३ विद्यार्थी बसले, आणि त्यातील बहुसंख्य कोलंबियाच्याच दारी जाणारे होते. उत्तरपत्रिकेवर बापाचे नाव पाहून गुण द्यावयाचे नाहीत, सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, एकच कसोटी. आपल्याकडे आज जिला 'मेरिट' म्हणतात ती ही पद्धत. बटलर यांना ती सुधारणा वाटत होती, आणि ती सुधारणा होतीच.

मग घडले ते असे. त्याच काळात पूर्व युरोपातून, विशेषतः रशियन साम्राज्यातून, छळाला कंटाळलेली लक्षावधी ज्यू कुटुंबे न्यूयॉर्कला येऊन थडकली. आईबाप शिवणकामाच्या कारखान्यांत राबत, आणि मुले शहराच्या मोफत सरकारी शाळांत शिकत. १९०४ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली आणि तिचे एक स्थानक थेट कोलंबियाच्या फाटकाशी आले. आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चाळीत राहणारा मुलगा काही सेंट खर्चून रोज महाविद्यालयात येऊ शकत होता. परीक्षा तर खुलीच होती. ही मुले परीक्षेत उतरली आणि उत्तीर्ण झाली. पहिले महायुद्ध संपेतो कोलंबियाच्या पदवी महाविद्यालयात ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण शेकडा चाळिसाच्या आसपास गेल्याचा अंदाज इतिहासकार देतात. जुन्या घराण्यांचे चिरंजीव मग प्रिन्स्टन-येलची वाट धरू लागले. विद्यापीठाच्या चालकांना हे सलू लागले.

परीक्षा रद्द करणे अशक्य होते, आणि 'ज्यूंना प्रवेश नाही' असे लिहिणे तर त्याहून अशक्य. तेव्हा परीक्षा राहू दिली आणि तिच्याशेजारी इतर गोष्टी मांडल्या. १९१९ च्या सुमारास कोलंबियाच्या प्रवेश-अर्जाचे रूप पालटले. त्यात धर्म, वडिलांचे जन्मस्थान, आईचे माहेरचे आडनाव असे रकाने आले. छायाचित्र जोडावयाचे, मुलाखत द्यावयाची, शिक्षकांची शिफारसपत्रे आणावयाची. विद्यार्थी अभ्यासाशिवाय काय करतो, त्याच्यात नेतृत्व आहे काय, त्याचे 'चारित्र्य' कसे आहे, हे पाहिले जाऊ लागले. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांची बुद्धिमापन-चाचणीही जोडली गेली. तिच्यामागे एक तर्क होता : घोकंपट्टी करून परीक्षेत वर येणारे येथे उघडे पडतील. तो तर्क फसला, असेच म्हणावे लागेल. ती मुले चाचणीतही कमी पडली नाहीत. पण रकान्यांनी आपले काम केले. 'देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी यावेत' या वरवर निरुपद्रवी तत्त्वाने शहरातील मुलांच्या जागा आपोआप घटल्या. दोन-तीन वर्षांत ते चाळिसाचे प्रमाण बावीसच्या घरात आले. कोणत्याही कागदावर कोणाचीही बंदी लिहिलेली नव्हती.

आईचे माहेरचे आडनाव कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी कोणाला पडणार नाही. आडनावावरून माणूस ओळखण्याची कला आपल्या हाडीमांसी आहे. नवे गाव, नवा शेजारी, आणि पहिला प्रश्न : "आडनाव काय म्हणालात?" बटलरसाहेबांच्या कचेरीला ही युक्ति शोधून काढावी लागली, एवढाच काय तो फरक.

ज्यांना आत घ्यावयाचे नाही पण सरळ नाकारताही येत नाही, अशांसाठी १९२८ मध्ये ब्रुकलिनमध्ये 'सेथ लो ज्युनिअर कॉलेज' काढण्यात आले. १९३५ साली एक पंधरा वर्षांचा मुलगा मुलाखतीसाठी कोलंबियात आला. बाप मिठाईचे व वर्तमानपत्रांचे छोटे दुकान चालवी, जन्म रशियातला. त्याची रवानगी सेथ लोमध्ये झाली. वर्षभरात ते महाविद्यालयच बंद पडले, तेव्हा त्याला मुख्य आवारात येऊ दिले गेले. पण पदवी महाविद्यालयाचा विद्यार्थी म्हणून नव्हे, विद्यापीठाच्या विस्तार-विभागाचा म्हणून. हा मुलगा म्हणजे पुढे विज्ञानकथांमुळे जगभर गाजलेला आयझॅक असिमोव्ह. त्याच वर्षी क्वीन्समधील दुसऱ्या एका ज्यू मुलाला कोलंबियाने घेतले नाही, आणि तो बॉस्टनकडे एम. आय. टी. त गेला. त्याचे नाव रिचर्ड फाइनमन. नोबेल पारितोषिक मिळाल्यावर अशा नकारांच्या गोष्टी सांगावयास गोड वाटतात. ज्यांना पुढे काहीच मिळाले नाही अशांच्या गोष्टी सांगावयास कोणी उरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

असिमोव्हच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या विद्यापीठाने त्याला पदवी महाविद्यालयाच्या उंबऱ्यावर अडविले, त्याच विद्यापीठाने त्याला रसायनशास्त्रातील एम. ए. आणि १९४८ मध्ये डॉक्टरेट दिली. यात विसंगती वाटते, पण ती नाही. अमेरिकन विद्यापीठ ही एक वास्तु दिसत असली तरी तिला निरनिराळी दारे असतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचे पदवी महाविद्यालय हे एक दार. तेथे पुढच्या पिढीतील प्रतिष्ठित नागरिक घडावयाचे असतात, माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांचे डोळे तिकडे लागलेले असतात. म्हणून तेथे कुल, चालचलन, खेळ, वक्तृत्व सारे तपासले जाई. पदव्युत्तर शाखांचे दार निराळे. ते प्राध्यापकांच्या हाती असे, आणि प्राध्यापकाला हवा असतो तो कामाचा विद्यार्थी. मान्य महाविद्यालयाची पदवी, शुल्क भरण्याची सोय आणि विषयाची तयारी एवढे असले म्हणजे बहुधा भागत असे.

१९१३ मध्ये भीमराव आंबेडकर आत गेले ते या दुसऱ्या दाराने.

ती हकीकत आपल्या शहराची आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. भीमराव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात बी. ए. झाले तेही सयाजीराव महाराजांच्या मासिक साह्यावर. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी ते मिळवून दिले होते. नंतर ते बडोद्याच्या चाकरीत रुजू झाले, तोच वडील आजारी असल्याची तार आली, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार वारले. पुढे महाराजांनी उच्च शिक्षणासाठी काही तरुणांना अमेरिकेस पाठवावयाचे ठरविले. अमेरिकाच का? महाराजांनी तो देश स्वतः पाहिला होता. १९१० च्या भेटीनंतर त्यांनी तेथून विल्यम बोर्डन हे ग्रंथपाल बडोद्यास आणविले आणि त्यांच्या हातून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणून घेतले. आपली मध्यवर्ती लायब्ररी ही त्याच उद्योगाची खूण. ४ जून १९१३ रोजी बडोद्यास करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. या साडेअकरा पौंडांत राहणे, जेवणे, पुस्तके आणि घरी पाठवावयाचे पैसे, सारे भागवावयाचे होते.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि 'हार्टली हॉल' या वसतिगृहात उतरले. ही वसतिगृहेही नवीच होती. कोलंबियाचे विद्यार्थी पूर्वी घरून ये-जा करीत. दूरदूरच्या प्रांतांतील मुले यावीत म्हणून १९०५ मध्ये हार्टली आणि लिव्हिंग्स्टन ही दोन वसतिगृहे बांधली गेली होती. तेथील अर्धेकच्चे जेवण आणि गोमांस भीमरावांना मानवेना. ते ११४ व्या रस्त्यावरील 'कॉस्मोपॉलिटन क्लब'मध्ये गेले, जेथे अनेक देशांचे विद्यार्थी एकत्र राहत. पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहावयास आले. ही मैत्री जन्मभर टिकली. पहिले काही महिने नव्या शहराच्या नादात गेले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपविलेले नाही. मग त्यांनी स्वतःला आवरले. विद्यापीठाच्या नोंदींवरून पुढे जुळविलेला हिशेब असा आहे : अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन प्राथमिक प्रत्येकी एक. एम. ए. ला एवढे लागत नसे. परंतु तेथे नाव दाखल केलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेच्या वर्गात जाऊन बसण्यास अडथळा नव्हता, आणि जुन्या पुस्तकांची दुकाने मुबलक होती. तीन वर्षांचा पैसा हा तीन वर्षांतच वसूल करावयाचा, असा हा हिशेब.

शिकविणारे कोण, तर अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई, इतिहासाला जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन, मानवशास्त्राला अलेक्झांडर गोल्डनवायझर. यांतील सेलिग्मन हे ज्यू घराण्यातले, आणि गोल्डनवायझर तर कीव्हमध्ये जन्मलेले. म्हणजे ज्या मुलांसाठी रकाने आखले गेले, त्यांच्याच समाजातील माणसे तेथे व्याख्यानपीठावर उभी होती. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमरावांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त केलेला वर्ग, आणि आपल्यातच विवाह करण्याची सक्ती हे त्या बंदिस्तीचे साधन, असे त्याचे मुख्य प्रतिपादन. एकाने दार लावून घेतले म्हणजे इतरांना ते आपोआप बंद झालेले आढळते, हा त्यातील विचार पदवी महाविद्यालयाच्या प्रवेशकचेरीत कोणी वाचला असेल असे वाटत नाही. वाचावयास हरकत नव्हती. इमारती जवळजवळ होत्या.

या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये कोणी त्यांची जात विचारली नाही हे खरे, आणि त्या अनुभवाचे मोल त्यांनी पुढे बोलूनही दाखविले. पण यावरून ते आवार भेदांपासून मुक्त होते असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. त्याच हार्टली हॉलमध्ये १९२१ साली लँग्स्टन ह्यूज हा पुढे कवी म्हणून प्रसिद्ध झालेला तरुण आधी खोली राखून ठेवून आला. तो कृष्णवर्णीय आहे हे दिसताच कचेरीत खळबळ उडाली, काही तरी चूक झाली असावी असे सांगण्यात आले, आणि बऱ्याच घोळानंतर खोली मिळाली. वर्षभराने त्याने विद्यापीठ सोडले. १९२४ मध्ये फर्नाल्ड हॉल या वसतिगृहात एक कृष्णवर्णीय विधी-विद्यार्थी राहावयास आला, म्हणून समोर रात्री क्रूस जाळला गेला. भारतातून आलेला एकटादुकटा विद्यार्थी हा त्या समाजाला पाहुणा होता. पाहुण्याला जागा देणे सोपे असते.

आणि आपल्याकडे? १९१७ मध्ये एम. ए. होऊन, डॉक्टरेटचा प्रबंध लिहून, लंडनमध्येही शिकून भीमराव कराराप्रमाणे बडोद्यास आले. महाराजांच्या कचेरीत त्यांना अधिकारपद होते. राहावयास खोली नव्हती. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आत बाहेर हो म्हणाले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ त्यांनी कमाठी बागेत काढला. आपण सारे लहानपणी ज्या बागेत खेळलो, तीच ही बाग. ज्या शहराने न्यूयॉर्कच्या वसतिगृहाचे भाडे भरले, त्या शहरात पंधरा दिवस काढावयास चार भिंती मिळाल्या नाहीत. संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत होते. शाळेचे दार राजाज्ञेने उघडता येते. घरांची दारे तशी उघडत नाहीत.

मुलींच्या बाबतीत कोलंबियाने जो वेळ लावला तो तर नवल वाटावा असा आहे. १८८९ मध्ये बर्नार्ड हे स्त्रियांचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले, आणि ती सबब पुरे चौऱ्याण्णव वर्षे पुरली. पदवी महाविद्यालयात मुलींना प्रवेश मिळाला तो १९८३ मध्ये. पदव्युत्तर शाखांत त्या कितीतरी आधीपासून होत्या. पुन्हा तेच, दारे निराळी.

आत गेलेल्या विद्यार्थ्याचे आयुष्य कसे असते? कोलंबियाची खूण म्हणजे तेथील सक्तीचा सामायिक अभ्यासक्रम. १९१९ मध्ये, म्हणजे अर्जातील ते रकाने आले त्याच सुमारास, 'समकालीन संस्कृति' हा विषय सर्व विद्यार्थ्यांस आवश्यक झाला, आणि १९३७ मध्ये अभिजात ग्रंथांच्या वाचनाचा दुसरा. अभियंता होणारा असो वा वकील होणारा, पदवी महाविद्यालयातील प्रत्येकाने वीस-बावीस जणांच्या लहान वर्गात टेबलाभोवती बसून होमर, प्लेटो वाचावयाचे, आणि मुख्य म्हणजे बोलावयाचे. आपल्याकडील पाठांतरात मुरलेल्या मुलांना पहिले सहा महिने हे फार जड जाते. शिक्षक उत्तर सांगतच नाहीत अशी त्यांची तक्रार असते. पदवीसाठी पोहता आले पाहिजे अशीही एक अट तेथे दीर्घकाळ होती. होमर समजला तरी तलावाच्या तीन फेऱ्या चुकत नसत.

शहर मात्र विद्यार्थ्याला विसरू देत नाही. विद्यापीठ टेकाडावर, आणि मॉर्निंगसाइड उद्यानाच्या कड्याखाली हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती. १९६० च्या दशकात विद्यापीठाने त्या सार्वजनिक उद्यानात व्यायामशाळा बांधावयास घेतली. तिला दोन दारे असावयाची होती. विद्यार्थ्यांसाठी वरचे, आणि हार्लेमच्या रहिवाशांना वापरावयास दिलेल्या लहान भागासाठी कड्याच्या पायथ्याशी खालचे. वास्तुरचनाकारांच्या दृष्टीने हा उताराचा प्रश्न असेल. हार्लेमने त्याचा अर्थ निराळा लावला आणि विद्यार्थ्यांनीही. व्हिएतनाम युद्धाशी निगडित संशोधनाचा संताप त्यात मिसळला, आणि २३ एप्रिल १९६८ पासून विद्यार्थ्यांनी पाच इमारती ताब्यात घेतल्या. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस आत शिरले, सुमारे सातशे जणांना अटक झाली. व्यायामशाळा तेथे कधीच झाली नाही. त्यानंतर ५६ वर्षांनी, ३० एप्रिल २०२४ रोजी, गाझातील युद्धाच्या निषेधार्थ ताब्यात घेतलेल्या त्याच हॅमिल्टन हॉलमधून पोलिसांनी पुन्हा विद्यार्थ्यांना बाहेर काढले.

आता त्या मुलीच्या वडिलांच्या प्रश्नाकडे येतो.

२०२३ च्या प्रवेशफेरीत कोलंबियाच्या पदवी शाखांसाठी सुमारे ५७ हजार अर्ज आले आणि प्रवेश देऊ केला गेला तो सुमारे २,२०० जणांना, म्हणजे शंभरात चौघांनाही नाही. या ५७ हजारांत गुणांनी उत्तम असणारे किती तरी हजार. तेव्हा गुण हा उंबरठा झाला. त्याच्या पुढची निवड निबंध, शिफारसपत्रे, अभ्यासाबाहेरचे उद्योग, प्रदेश यांवर होते. 'समग्र व्यक्तीचा विचार' असे त्याला म्हणतात. मघा सांगितलेल्या १९१९ च्या रकान्यांचेच हे वंशज आहेत. धर्माचा आणि आजोळच्या आडनावाचा रकाना गेला, बाकीची चौकट राहिली. मात्र तिचा उपयोग बदलला. १९६० नंतर याच चौकटीतून कृष्णवर्णीय आणि इतर वंचित समाजांतील मुलांना आत आणण्याचा प्रयत्न झाला. ज्या हत्याराने वगळले त्याच हत्याराने सामावून घेतले. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरविले. आपल्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात लिहावयास मात्र मुभा ठेवली. म्हणजे रकाना पुसला गेला, आणि निबंधाचे वजन आणखी वाढले.

पैशाचाही रकाना आहे, तो दिसत नाही इतकेच. अमेरिकन नागरिकांचा अर्ज तपासताना कोलंबिया त्याची आर्थिक स्थिति पाहत नाही; प्रवेश दिल्यावर गरजेइतके साह्य देते. परदेशी विद्यार्थ्याने साह्य मागितले तर ती गोष्ट निवडीत धरली जाते. वर्षाचा एकूण खर्च २०२४-२५ मध्ये ९० हजार डॉलरच्या वर गेला होता. आपल्या मुलांचे अर्ज या अटीखाली जातात, हे पालकांना आधी ठाऊक असावे. विद्यापीठांच्या क्रमवारीला किती मान द्यावा हेही जाता जाता सांगतो. २०२२ मध्ये कोलंबियातीलच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्या विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेले आकडे तपासून ते खरे नसल्याचे दाखवून दिले. वर्गसंख्येसारख्या गोष्टी फुगवून दिल्या गेल्या होत्या. विद्यापीठाला चूक कबूल करावी लागली, दुसऱ्या क्रमांकावरून ते अठराव्यावर आले, आणि पुढच्या वर्षी त्या क्रमवारीतूनच बाहेर पडले. एका वर्षात तेथील शिक्षण सोळा पायऱ्या उतरले असे काही झाले नव्हते.

तेव्हा "त्यांनी पाहिले तरी काय?" याला मी त्या गृहस्थांना दिलेले उत्तर असे : त्यांनी पुष्कळ पाहिले, पण तुमच्या मुलीची योग्यता मोजण्यासाठी नव्हे. आपल्याला कोणता वर्ग बसवावयाचा आहे ते पाहिले, आणि त्या चित्रात तिची जागा निघाली नाही. मुलीला मी आणखी एक गोष्ट सांगितली. पदव्युत्तर दार अजूनही निराळे आहे, आणि ते पुष्कळसे प्राध्यापकांच्याच हाती आहे. चार वर्षे येथे नीट अभ्यास करून तिकडे गेलेल्यांची परंपरा जुनी आहे. कोलंबियातून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या नानासाहेब परुळेकरांनी १९३२ च्या पहिल्या दिवशी पुण्यात 'सकाळ' सुरू केला, तेही याच वाटेने गेले होते.

आंबेडकरांच्या डॉक्टरेटची कथा अर्धी सोडली होती, ती पुरी करतो. प्रबंध १९१६-१७ मध्येच तयार झाला होता. परंतु प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल केल्याखेरीज पदवी द्यावयाची नाही, असा तेव्हाचा नियम होता. छपाईला पैसे लागत. शिष्यवृत्ति संपली होती. ग्रंथ लंडनमध्ये १९२५ साली निघाला, सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि अर्पणपत्रिकेत शिक्षणास केलेल्या साह्याबद्दल सयाजीराव महाराजांचे नाव आहे. पदवी १९२७ मध्ये मिळाली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देण्यासाठी बोलाविले. ड्यूई तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते, आणि त्यांची भेट होईल ही आशा मनात धरून आंबेडकर निघाले. १ जून १९५२ रोजी ड्यूई वारले. ते वृत्त त्यांना वाटेत कळले, आणि आपल्या बौद्धिक आयुष्याचे सारे ऋण या गृहस्थांचे आहे, असे त्यांनी घरी पत्रातून कळविले. ५ जूनला ते कोलंबियाच्या पदवीदान समारंभाला उपस्थित राहिले.